मशीन कुठवर

सोमवार, ४ तारीख

बाबा आज माझ्या बुटांवर ओकले. कालच पॉलिश केलेले बूट. ओकारीत अन्न नव्हते, नुसते हिरवे-काळे पाणी होते. बरीच वर्षे न उघडलेल्या टाकीचे झाकण काढावे तसा वास सुटला. ओकून झाल्यावर त्यांनी तोंड पुसले, भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, "कुणीतरी फडकं आणेल तर बरं होईल."

कुणीतरी म्हणजे मी. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघेच आहोत आणि आम्ही एकमेकांशी सरळ बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही. आई होती तेव्हा बाबा तिला सांगत, मीही तिलाच सांगत असे, आणि ती इकडचे तिकडे पोचवत असे. ती गेल्यावर मधली जागा रिकामी झाली. तिथे आम्ही 'कुणीतरी'ला बसवले. "कुणीतरी दिवा घालवा." "कुणाला चहा हवा असेल तर भांड्यात आहे." कुणीतरी फार गुणाचा माणूस आहे. रागावत नाही, उलट उत्तर देत नाही.

फडके आणले, फरशी पुसली. बुटांच्या शिलाईत जे शिरले ते निघाले नाही. बाबांचे पोट नगाऱ्यासारखे ताणले आहे. उद्या दवाखाना.

मंगळवार, ५ तारीख

दाखल करून घेतले. नाकातून नळी घातली आहे. तिच्यातून ते हिरवे पाणी खाली बाटलीत उतरते. बाटली पारदर्शक का करतात हे मला कळलेले नाही.

मी लॉन्ड्रीत डाग काढण्याचे काम करतो, त्यामुळे कुठेही गेलो तरी माझी नजर आधी कापडावर जाते. इथे ती जाऊ नये. उशीवर कुणाचे तरी तेल, पडद्यावर कुणाची तरी बोटे, चादरीवर उकळून पक्के केलेले रक्त. वॉर्डाच्या दारावर 'शांतता राखा' असे लिहिले आहे आणि त्याखाली चघळलेले च्युइंगम चिकटवले आहे. मी ते कागदात धरून काढले. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ म्हणाले, "नवीन साफसफाईवाले का?"

"छे हो," बाबा म्हणाले. "आमचे इन्स्पेक्टर आहेत ते."

दोघेही हसले. बाबांना हसता हसता खोकला आला आणि खोकल्यातून जे आले ते त्यांनी रुमालात घेऊन रुमाल उशीखाली ठेवला. उशीखाली!

संध्याकाळी मोठे डॉक्टर, म्हणजे सर्जन, आले. बाबांना म्हणाले, "काही नाही, आतड्याची वाट अडलीय. दुसरी वाट काढून देऊ. फर्स्ट क्लास होऊन जाल." मग मला व्हरांड्यात नेऊन त्या फर्स्ट क्लासमधली सगळी हवा काढून टाकली. आतड्यात गाठ आहे. ती यकृतापर्यंत पोचली आहे, त्यामुळे काढण्यात अर्थ नाही. पोटाला भोक पाडून आतडे बाहेर आणायचे आणि तिथे पिशवी लावायची. म्हणजे ओकाऱ्या थांबतील, घास पोटात जाईल. मिळतील ते महिने मिळतील. पण बाबांची छाती आधीच कामातून गेलेली. उभा जन्म पिठाच्या गिरणीत काढला, वर सिगारेटी. भुलीसाठी घशात घातलेली श्वासाची नळी नंतर निघेलच असे नाही.

"हे त्यांना सांगितलं का?" मी विचारले.

"तुम्ही घरचे. सांगा तुम्ही, जरा बघून."

बोलताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्याला स्पिरिट आणि अत्तर असा दोन्हींचा वास येत होता. घरी आल्यावर शर्ट भिजत टाकला. बाबांना काही सांगितले नाही. कुणीतरी सांगेल.

बुधवार, ६ तारीख

भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. खुर्ची मोकळी असताना सरळ बाबांच्या खाटेवर बसल्या, त्या चादरीवर. बाहीवर आयोडीनचा डाग होता तो वेगळाच.

"काका, तुम्हाला काय झालंय ते तुमच्या शब्दांत सांगाल?"

बाबा पडद्याला म्हणाले, "यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही."

"कुणी म्हणजे कोण? इथे मी आहे आणि तुम्ही आहात. मी तुम्हाला विचारतेय."

बाबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. "कॅन्सर," ते म्हणाले. "सगळे गोड बोलतायत म्हणजे कॅन्सरच. मूळव्याध असती तर लोकांनी चेष्टा केली असती."

मग बाईंनी सगळे सांगितले. यकृत, छाती, नळी, पिशवी. एकही शब्द गाळला नाही. मला ते भर रस्त्यात कुणाचे कपडे उतरवावेत तसे वाटले. बाबा मात्र ऐकत होते.

"ऑपरेशन करून तुम्हाला काय मिळायला हवं?" बाईंनी विचारले.

"सकाळी चहा आणि सिगारेट."

"सिगारेट मिळणार नाही."

"मग चहा. आणि शिवी हासडण्यापुरता श्वास. अर्ध्यात राहिलेली शिवी फार वाईट, बाई."

"बरं. आणि काय नको?"

 बाबांनी गिरणीतल्या हमालाची गोष्ट सांगितली. त्याच्या डोक्यात पोते पडले होते. तो घशातल्या नळीवर राहिला, डोळे छताला लावून. बाबा त्याला भेटायला जात. त्याची बायको त्याला पुसत असे, दर वेळी चेहऱ्यावर तेच भाव. "तिचा दोष नव्हता," बाबा म्हणाले. "पण त्याला ते दिसत असणार ना. माणूस आपल्याला हात लावताना श्वास रोखून धरतो, ते कळतं. दुसऱ्याला पुसावं लागेल असं जगणं मला नको. नळी निघत नसेल तर काढून टाका आणि मला जाऊ द्या."

हे बोलताना ते बाईंकडे नाही, माझ्याकडे पाहत होते. का, ते समजले नाही. मी तेव्हा काडी घेऊन बुटाच्या शिलाईतले काढत होतो.

गुरुवार, ७ तारीख

मोठ्या डॉक्टरांना हे आवडलेले नाही. बाबांच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ते बाईंना म्हणाले, "माझ्या टेबलावर अर्धंमुर्धं चालत नाही. लढायचं तर सगळी हत्यारं घेऊन. नाहीतर घेऊन जा घरी." त्यांच्या बुटांना आरशासारखी चमक होती. इतकी चमक मला एरवी आवडते.

बाई शांतपणे म्हणाल्या, "ऑपरेशन चालू असताना सगळी हत्यारं तुमचीच, सर. नळी भुलीचाच भाग आहे. माझ्या औषधाने ठोका चुकला तर तो मी दुरुस्त करणार, तेवढ्यासाठी कुणी मरू नये. प्रश्न नंतरचा आहे. बाहेर आल्यावर नळी निघत नसेल तर आपण कुठवर धडपडायचं, हे काकांनी ठरवायचं."

"पेशंट घाबरलेला असतो. असं काहीतरी बोलतो."

"मी इथेच आहे," बाबा म्हणाले. "टेबलावर तुमचं राज्य, डॉक्टर. टेबलावरून उतरलो की माझं."

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "वा!" मोठ्या डॉक्टरांनी पडदा ओढून घेतला.

शेवटी ठरले ते असे. शनिवारी ऑपरेशन. नळी लगेच निघाली तर उत्तम. नाही निघाली तर बुधवारच्या सकाळच्या राउंडपर्यंत सगळे प्रयत्न करायचे. तोवरही जमले नाही तर नळी काढायची, जीव घाबरू नये म्हणून औषध द्यायचे, आणि छाती वगैरे दाबायची नाही. बाईंनी बाबांना हे त्यांच्या तोंडून परत म्हणायला लावले. शाळेत कविता म्हणायला लावतात तसे. मी नववीत शाळा सोडली, पण पाठांतर चांगले होते.

"तुम्ही बेशुद्ध असाल तेव्हा तुमच्या वतीने कोण बोलणार?" बाईंनी विचारले.

"मुलगी नको, ती रडेल. ती रडली की मी आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही, मेल्यावरसुद्धा हो म्हणेन. जावई होयबा आहे. याला विचारा. हा आमचा इन्स्पेक्टर. याला सांगितलं त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही. आणि मुलीला एवढ्यात सांगू नका."

कुणीतरी नाही. हा. मी हात धुवायला बाहेर गेलो. बेसिनमध्ये कुणीतरी भात टाकला होता.

शुक्रवार, ८ तारीख

कामावर गेलो. दिवसभर कोटांच्या कॉलरी. माणसे मानेला किती मळ घेऊन हिंडतात! बेंझिनचा वास इतका स्वच्छ वाटला की बाटली उघडी ठेवून उभा राहिलो. मालक म्हणाले, "पितोस की काय?"

शनिवार, ९ तारीख

ताई आणि दाजी पहाटेच्या गाडीने आले. ताई आल्या आल्या बाबांच्या गळ्यात पडून रडली. तिच्या नाकाचे सगळे बाबांच्या मानेला लागले आणि बाबा तिच्या पाठीवर थोपटत मला खूण करत होते, सांगू नकोस. दाजींनी व्हरांड्यात केळी खाल्ली आणि साले खिडकीत ठेवली.

बाबांना नेताना त्यांचे दात काढून माझ्या हातात दिले. ओले, कोमट. मी ते कागदात गुंडाळले, मग त्या कागदावर दुसरा कागद.

ऑपरेशन नीट झाले. पिशवी लागली. नळी निघाली नाही. त्यांना आयसीयूत ठेवले आहे.

सोमवार, ११ तारीख

आयसीयूत एका वेळी एकालाच सोडतात. बाबांचे तोंड नळीमुळे एका बाजूला ओढले गेले आहे, कडेला पांढरे सुकले आहे. ते मशीन त्यांच्यासाठी श्वास घेते आणि दर श्वासाला 'फुस्स' करते, जणू आपल्या सगळ्यांचा कंटाळा आला आहे.

आज छातीत कफ वाढला. भुलीच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवले आणि बुधवारचे सांगितले. सांगणे भागच होते. ताई आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू हो म्हणालास?"

"मी काही म्हणालो नाही. बाबा म्हणाले. मी फक्त..."

"फक्त! बाळ्या, अरे बाप आहे तो. लॉन्ड्रीतलं गिऱ्हाईक आहे का, बुधवारी घेऊन जा म्हणायला?"

दाजी म्हणाले, "तसं नाही, पण तसंच आहे म्हणा."

"डॉक्टर, काहीही करा," ताई म्हणाली. "लागेल तितके दिवस ठेवा. याचं ऐकू नका. याला लहानपणापासून बाबांची किळस आहे. त्यांच्या ताटातलं खायचा नाही, त्यांच्या टॉवेलला हात लावायचा नाही. पुसावं लागेल म्हणून मारायला निघालाय."

बाई ताईला म्हणाल्या की हा निर्णय माझा नाही, बाबांचा आहे, आणि बाबांनी तो शुद्धीत, त्यांच्यासमोर, दोनदा सांगितलेला आहे. ताईने ऐकले नाही. व्हरांड्यातल्या सगळ्या माणसांनी मात्र ऐकले. एक बाई तर डबा खाता खाता थांबल्या.

मी हात धुऊन आलो आणि ताई म्हणाली त्याचा विचार केला. टॉवेलचे खरे आहे. ताटाचे खरे आहे. बाकीचे खोटे आहे असे लिहिणार होतो, पण मी इथे खोटे लिहीत नाही. बुधवारी नळी काढली तर मला दुःख होईल, आणि दुःखाबरोबर आणखी काही वाटेल का? घरी पिशवी येणार नाही, बाटल्या येणार नाहीत, वास येणार नाही. मी स्वतःला विचारले.  परत हात धुतले.

मंगळवार, १२ तारीख

दुपारी बाबांनी स्वतः श्वास घ्यायला सुरुवात केली आणि त्यांची नळी निघाली. बुधवार यायची वेळच आली नाही. ताईने भुलीच्या डॉक्टरांना मिठी मारली, नर्सला मारली, अनोळखी माणसाला मारली. मला नाही.

बाबांचा आवाज खरखरीत झाला आहे. पहिले वाक्य बोलले ते छताकडे पाहून: "दात कुणाकडे आहेत?"

गुरुवार, १४ तारीख

पिशवी.

हे लिहायचे नव्हते, पण लिहितो. पोटावर उजवीकडे लालभडक, ओले, बोरासारखे मांस बाहेर आलेले असते. त्याला आतड्याचे तोंड म्हणतात. त्याच्याभोवती चिकटपट्टीची पिशवी बसवतात. पट्टीला भोक कापावे लागते. काल बाबा परत वॉर्डात आले. आज नर्सने घाईत मोठे भोक कापले, पट्टी वाकडी बसवली आणि निघून गेली. तासाभरात सगळे गळले. कातडी लाल झाली, चादर गेली, बाबांचा सदरा गेला. वास असा की शेजारच्या गृहस्थांनी पांघरूण डोक्यावरून घेतले. ताई पदर तोंडाला लावून रडायला लागली. दाजी दिसेनासे झाले.

नर्स पुन्हा आली, पुन्हा तेच. पुन्हा गळले. तिसऱ्यांदा ती कात्री उचलू लागली तेव्हा माझे डोके फिरले. वाकडे काम मला बघवत नाही. मी म्हणालो, "द्या इकडे."

आधी जाड कागदाचा साचा कापला, आतड्याच्या तोंडावर धरून पाहिला, दोनदा दुरुस्त केला. कोमट पाण्याने कातडी टिपून घेतली. घासली नाही, घासले की नाजूक कापडसुद्धा उसवते. पूर्ण कोरडी होऊ दिली. मग साच्यावरून पट्टी कापली, हाताच्या उबेने मऊ केली आणि बसवली. मधेच ते मांस आपोआप हलले आणि माझ्या बोटाला लागले. दोन वेळा मला उमळून आले. एकदा खिडकीशी जाऊन आलो.

"कुणी नाक मुरडत असेल तर राहू द्या म्हणावं," बाबा भिंतीला म्हणाले.

"हलू नका. सरळ पडा जरा. हललात तर पुन्हा पहिल्यापासून करीन."

पिशवी रात्रभर गळली नाही. मी आता नर्सला हात लावू देत नाही. ती म्हणते, "बरंच झालं." बाबा मला करताना बघत राहतात. ते मला आवडत नाही.

शनिवार, १६ तारीख

आज जे झाले त्याची लाज वाटते. रागही येतो आहे. कुणाचा, ते ठरत नाही.

सकाळी बाबांना धाप लागली. छातीत पुन्हा कफ, ओठ निळसर. शिकाऊ डॉक्टर एक मशीन ढकलत आणू लागला. घशात नळी नाही, नाका-तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा, त्यातून हवा जोराने आत ढकलायची. मी आडवा उभा राहिलो. नळी नव्हे हे मला दिसत होते. पण नळी नको म्हणणाऱ्या माणसाला हे तरी कसे चालेल? आज मुखवटा, उद्या परत आयसीयू, परत ते फुस्स. मी म्हणालो, "नको. त्यांच्या वतीने मी बोलतो. त्यांना मशीन नकोय."

"लावा!" ताई ओरडली. "लावा म्हणते ना मी!"

"बाबांनी तुला नाही, मला सांगितलंय."

"तुला कधी, काय सांगितलं बाबांनी? तुम्ही बोलता तरी का?"

"तसं ती म्हणते त्यातही..." दाजी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!" हे आम्ही दोघांनी एकदम म्हटले.

शिकाऊ डॉक्टर एका हातात मुखवटा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन मोठ्या डॉक्टरांना लावत होता, ते उचलत नव्हते. बाबा खाटेच्या दांडीवर हात आपटत होते. "बघ, तडफडतायत ते," ताई म्हणाली. "बघ, त्यांना नकोय ते," मी म्हणालो.

भुलीच्या डॉक्टर जिना चढून धापा टाकत आल्या. आमच्याकडे बघितलेही नाही. विचारले, "काकांना विचारलंत का?"

 बाबा जागे होते. डोळे टक्क उघडे होते. आम्ही सगळे त्यांच्या अंगावरून वाकून एकमेकांशी भांडत होतो.

बाई त्यांच्या कानाशी गेल्या. "काका, हा मुखवटा आहे, घशात काही जाणार नाही. नको वाटला तर हाताने ओढून काढता येतो. लावून बघू?"

बाबांनी श्वास गोळा केला. "लावा," ते म्हणाले. मग अजून एक श्वास. "गाढवांनो."

शिवी पुरी झाली.

मुखवट्याने दोन तासांत ओठांचा रंग परत आला. बाई मला व्हरांड्यात म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या वतीने बोलायचं ते त्यांना बोलता येत नसेल तेव्हा. बोलता येत असेल तेव्हा विचारायचं."

मी म्हणालो, "आमच्याकडे तशी पद्धत नाही."

त्या म्हणाल्या, "दिसलं मला."

मी एक अक्षर इकडचे तिकडे केले नव्हते. आणि तरी बाबा माझ्या हातून गुदमरले असते. या वाक्याकडे बराच वेळ बघत बसलो आहे. हा डाग कुठून काढायला सुरुवात करावी ते समजत नाही.

सोमवार, १८ तारीख

बाई आज पुन्हा बाबांच्या खाटेवर बसल्या. चादर नवी होती, निदान तेवढे. त्यांनी ताईलाही बसवले, मलाही. दाजींना मी स्वतः बोलावून आणले.

"काका, आजार तोच आहे, पण मधे बरंच काही झालं. म्हणून परत विचारते. मागे तुम्ही म्हणाला होतात, दुसऱ्याला पुसावं लागेल असं जगणं नको."

"ते बदला," बाबा म्हणाले.

"का?"

"पुसणारा बरा मिळालाय. तोंड वाकडं करतो, पण हात हलका आहे."

मला फार राग आला. मी तोंड वाकडे करतो हे दाजींसमोर सांगायची काय गरज होती? शिवाय त्या वेळी हमालाचे एवढे रामायण सांगितले, दोन्ही डॉक्टरांना भांडायला लावले, मला ताईकडून नाही नाही ते ऐकायला लावले, आणि आता म्हणे बदला. नेमके काय बदलले? मी पिशवी लावतो कारण नर्सला लावता येत नाही. एवढेच आहे.

बाबांनी बाकीचे सांगितले ते असे. मुखवटा, औषधे, सलाईन, चालेल. घशात नळी आता पुन्हा नको, आयसीयू नको, ठोका थांबला तर छाती दाबायची नाही. दुसरे ऑपरेशन नको. घरी जायचे आहे. घरी बिघडले तर त्या वेळी जे वाटेल ते त्या वेळी सांगेन.

ताई म्हणाली, "बाबा, मला आधी का नाही सांगितलं?"

"तू रडतेस म्हणून."

"मग काय हसू?"

"नाही. रड. पण ऐक."

ती रडली आणि तिने ऐकले. जाताना ती माझ्यापाशी थांबली, माझी कॉलर सरळ केली, जी सरळच होती, आणि गेली. हा काय प्रकार!

शुक्रवार, २२ तारीख

घरी आणले. घराला दवाखान्याचा वास येऊ लागला आहे. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवतो, उपयोग होत नाही. बाबा सकाळी चहा पितात आणि खिडकीतून दिसेल त्याला नावे ठेवतात. पिशव्या गच्चीच्या जिन्याखाली ठेवल्या आहेत, आकाराप्रमाणे.

मंगळवार, १७ तारीख

जवळजवळ महिन्याने लिहितो आहे. वेळ नव्हता. बाबा अगदी वाळले आहेत, हाडांवर कातडे राहिले आहे आणि ते कातडे मी रोज तेल लावून जपतो. आज दुपारी धाप वाढली. ओठांचा तोच रंग. दवाखान्याचा नंबर मी पाठ करून ठेवला आहे. फोन हातात घेतला. लावला नाही. खाटेपाशी खाली बसलो, म्हणजे तोंड समोरासमोर येईल.

"बाबा, दवाखान्यात जायचं का? मुखवटा लावतील. मागच्या वेळेसारखं बरं वाटेल कदाचित."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुला काय वाटतं?" त्यांनी विचारले.

"मला जायला हवं असं वाटतं. पण मी तुम्हाला विचारतोय."

"नको," ते म्हणाले. "आता नको."

मी परत एकदा विचारले. ते परत नको म्हणाले. बाईंनी घरी देऊन ठेवलेले थेंबाचे औषध मी जिभेखाली टाकले. ते कडू असते, त्यांनी तोंड वाकडे केले. धाप राहिली, पण डोळ्यांतली घाबरगुंडी कमी झाली.

मग ताईला फोन लावला. ती म्हणाली, "गाडी बोलावलीस का? का नाही बोलावलीस? तूच ठरवलंस ना परत? खरं सांग, बाळ्या." मी सांगायला तोंड उघडले, आणि मग फोन बाबांच्या कानाला लावला.

"मी नको म्हटलं," ते म्हणाले. एकेक शब्दाला एकेक श्वास लागत होता. "त्याने नाही. मी." पलीकडे ताई काहीतरी बोलत होती, मग तिचे बोलणे रडण्यात गेले. बाबा म्हणाले, "रड. मी ऐकतोय."

ती किती तरी वेळ रडत होती. ते डोळे मिटून ऐकत होते आणि हो म्हणत नव्हते. माझा हात खांद्यापासून अवघडला. त्यांचा श्वास थेट माझ्या मनगटावर येत होता आणि त्याला घाण वास होता, आतून नासत आल्यासारखा. मी फोन हलवला नाही.